उजवीकडून पहिलं पान

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे, पण मला ते सलग वाचता येत नाही. विचित्र वाटेल, मलाही वाटतं. एक पान लिहून झालं की त्याचा फोटो काढून मी तन्वीला, म्हणजे माझ्या मुलीला पाठवते. संध्याकाळी ती फोनवर वाचून दाखवते, तेव्हा मला कळतं की मी काय लिहून बसलेय. कधी ती मधेच थांबते आणि म्हणते, "आई, हे नको ना लिहू." नेमकं तेवढं मी ठेवते. ज्यांच्या घरात मेंदूचं असलं काही दुखणं येऊन बसलंय त्यांना गोडगोड वाचून काही उपयोग होत नाही. मला तरी झाला नाही.

*

मी नांदेडच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. दहावीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा बघायला मॉडरेटर म्हणून दरवर्षी लातूरला जावं लागतं. यंदाही एप्रिलच्या सुरुवातीला गेले. मला या कामाची हौसच होती, कारण तन्वी लातूरला होस्टेलवर होती, नीटच्या क्लाससाठी. काम आटोपलं की तिला डबा द्यायचा, तिची खोली आवरायची आणि आवरता आवरता भांडायचं, असा आमचा ठरलेला कार्यक्रम.

भांडण पुस्तकांवरून. जानेवारीत तिच्या बायॉलॉजीच्या नोट्सखाली मला तीन जाडजूड चित्रांची पुस्तकं सापडली होती. जपानी गोष्टी, इंग्रजीत केलेल्या. "मांगा म्हणतात आई त्याला," ती म्हणाली. मी म्हटलं, काहीही म्हणोत, परीक्षा होईपर्यंत याला हात लावायचा नाही. आणि लहान मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून औषधं ठेवतो तशी ती मी उचलून कपाटावर ठेवली.

त्या दिवशी साडेअकराचा चहा झाला आणि मी पुढची उत्तरपत्रिका ओढली. एक शब्द लागेना. मी लिहिणाऱ्या पोरावर वैतागले. शेजारी उदगीरचे बिराजदार सर बसले होते, दरवर्षीचे ओळखीचे. त्यांच्यापुढे कागद सरकवला आणि म्हटलं, "बघा हो सर, पोरं काय लिहायलीत आजकाल."

"बाई, मोत्यासारखं अक्षर हाय की," सर म्हणाले. "चष्मा पुसा तुमचा."

पुसला. दुसरी उत्तरपत्रिका घेतली, तीही तशीच. माझं माहेर देवणी. कर्नाटक तिथून जवळच. लहानपणी स्टँडवर कानडी बस लागायची, तिच्यावरची पाटी रोज दिसायची. अक्षरं तोंडओळखीची झालेली, पण काय लिहिलंय ते कधी कळलं नाही. त्या दिवशी माझ्यापुढचं मराठी तसं दिसत होतं. मग मी पर्समधून माझ्या नेमणुकीचा कागद काढला. त्यावर कुठेतरी माझं नाव असणार, ते शोधायला लागले आणि सापडेना.

"सर, यात माझं नाव कुठंय?"

सर आधी हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून उठलेच. रिक्षात त्यांनी मला एक क्षण गप्प बसू दिलं नाही. "बोलत राहा बाई. नद्या म्हणा." आणि मी लातूरच्या उन्हात रिक्षाच्या दांडीला धरून मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी अशा नद्या म्हणत दवाखान्यात पोचले. सगळ्या आठवल्या. त्यामुळे मला वाटलं, विशेष काही झालं नसणार.

*

दवाखान्यात फॉर्मवर मी झोकात सही केली. डॉक्टर तरुण होते, शांत होते. तपासणी, मशीन, सगळं झाल्यावर त्यांनी कागद दिला आणि म्हणाले, "एक वाक्य लिहा, काहीही." मी लिहिलं. त्यांनी तोच कागद दोन मिनिटांनी माझ्यापुढे धरला. "आता वाचा."

मी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

आजवर मी अनेक परीक्षांत बसले, पण नापास झाल्याचं इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

मेंदूच्या मागच्या बाजूला गुठळी अडकली होती. बोलणं शाबूत, लिहिणं शाबूत, हातपाय शाबूत. वाचणं गेलं. आणि दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं दिसेनासं झालं. हे दुसरं मला जेवताना कळलं. ताटात भाजी उजवीकडे वाढतात. मी दोन दिवस कोरडी पोळी चटणीशी खात होते आणि मनात म्हणत होते, काय दवाखाना आहे, भाजी देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, मान उजवीकडे वळवून बघायची सवय लावा, तीच तुम्हाला तारेल. वाचणं परत येईल का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काहींचं येतं. थोडंफार." आणखी काही बदल जाणवला, काही उलटसुलट वाटलं, तर लपवू नका, असंही बजावलं.

एक कबूल करते. रक्तदाबाच्या गोळीला मी रविवारी आणि सणासुदीला सुट्टी देत असे. कुणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं. तुम्ही देत असाल तर देऊ नका.

*

माझे यजमान मुदखेडला रेल्वेत सिग्नल विभागात आहेत. एरवी आमच्या घरात त्यांच्याइतका थट्टेखोर माणूस नाही. ते नांदेडहून आले ते बदलूनच आले. मला विचारून पंखा लावायचे, विचारून बंद करायचे. अहो-जाहो करायचंच काय ते बाकी होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, जरा खेकसा की माझ्यावर." ते म्हणाले, "तू आराम कर." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आणि काय गंमत बघा. जिला वाचता येत नाही त्या बाईला भेटायला येणारा जो तो पुस्तक घेऊन येत होता. देवणीहून भाऊ आणि वहिनी आले, त्यांनी पोथी आणली. "वाचू नका वन्सं, पण उशाशी असू द्या," वहिनी म्हणाली. मुख्याध्यापक मनोबल वाढवण्याचं जाडं पुस्तक घेऊन आले. त्याच्या मुखपृष्ठावर एक माणूस डोंगरावर हात पसरून उभा होता. तो तिथे का चढला असेल याचा मी दोन दिवस विचार केला. शाळेतल्या एका मैत्रिणीनं कादंबरी आणली, दुसरीनं जुना दिवाळी अंक.

खरं सांगायचं तर मी काही मोठी वाचक नव्हे. शिक्षक म्हटलं की लोकांना वाटतं घरात पुस्तकांची कपाटं असतील. मी आपली बसस्टँडवर मिळणाऱ्या रहस्यकथा वाचणारी, त्याही अर्ध्या नांदेड ते लातूर आणि अर्ध्या येताना. पाल्हाळ आलं की पानं उलटणारी. कादंबरी आवडली नाही तर सरळ शेवटचं पान वाचून मोकळी होणारी. त्यामुळे वाचणं गेलं तेव्हा मला ग्रंथांची आठवण आली नाही. साबणाच्या वेष्टनावरचं, गोळ्यांच्या पाकिटावरचं, समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीवरचं काहीतरी डोळे आपोआप वाचत असतात, ते बंद पडलं. त्या पाटीवर दोन ओळी होत्या. नऊ दिवस मी त्यांच्याकडे बघत पडले होते.

यजमानांनी कादंबरी वाचून दाखवायला घेतली. नायक, नायिका, नायिकेची सासू, सगळ्यांना एकच आवाज, फलाटावरच्या सूचनेसारखा. आणि वर्णन आलं की, "यात नदी हाय, दीड पान. नदी झाली." वॉर्डातल्या सगळ्यांचे नातेवाईक ऐकायला जमायचे. पलीकडच्या बाईंचा मुलगा एकदा म्हणाला, "काका, नदी ऱ्हाऊ द्या की." त्या दिवशी मी आजारपणात पहिल्यांदा हसले.

*

चौथ्या दिवशी तन्वी आली ती पिशवी छातीशी धरून. चोरासारखं इकडेतिकडे बघत तिनं कपाटावरच्या तीन पुस्तकांतलं एक काढलं.

"वाचायचं न्हाई, आई. नुसतं बघ. चित्रंच हायत."

मला भरून आलं आणि रागही आला, एवढी मी लहान पोर झाले का म्हणून. पण ती गेल्यावर पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर मोठमोठी काळी इंग्रजी अक्षरं, एक बाण आणि आकडे घातलेले छोटे चौकोन. असेल काहीतरी, म्हणून उलटलं.

आता या पुस्तकांबद्दल माझ्यासारखीला काय वाटलं ते सांगते. माणसांचे डोळे एवढे मोठे की आमच्या देवणीच्या गाईंनीही लाजावं. कुणी घाबरलं की कपाळावर एकच थेंब, तोही भोपळ्याच्या बीएवढा. रंग नाहीत, सगळं काळंपांढरं, आणि तरी बर्फ पडलेला कळतो. मला सर्वांत नवल वाटलं ते त्यांच्या धीराचं. एक अख्खं पान एका चहाच्या कपाला दिलेलं, नुसता कप आणि वाफ. एक अख्खं पान तारेवरच्या कावळ्याला. आमच्या रहस्यकथेत एवढ्या जागेत दोन खून उरकले असते. पण तो कप मी खूप वेळ बघत राहिले. तिथे मला न कळणारं काही नव्हतं.

बाकीचं मात्र कळेना. एका बर्फाळ गावातलं छोटं रेल्वे स्टेशन, तिथला म्हातारा स्टेशनमास्तर आणि त्याची मुलगी, एवढं लागलं. पण सुरुवातीलाच म्हातारा अंथरुणात उठून बसलेला, मुलगी शेजारी, दोघं हसताहेत, तो चहाचा कप. मग म्हातारा निपचित. मग तो चालताफिरता, एकटाच फलाटावर वाट बघणारा. मुलगी कुठे गेली? मग ती शहरात. आणि सगळ्यात शेवटी ती बॅग घेऊन घर सोडून गाडीत बसते आणि म्हातारा हात हलवत राहतो. पानातल्या चौकोनांचंही तेच. आधी डोळ्यांत पाणी, मग ते का आलं ती गोष्ट. आधी दार उघडलेलं, मग टकटक. आकडे मला ओळखू येत होते आणि तेही भलतेच. एकशे ब्याण्णव, मग एकशे एक्क्याण्णव, मग एकशे नव्वद.

मी पुस्तक मिटलं. अक्षरं गेली ती गेलीच, आता माझ्या डोक्यात गोष्टींचा क्रमही उरला नाही असं मला वाटलं. जिला आधी काय आणि नंतर काय कळत नाही ती इतिहास कसला शिकवणार? डॉक्टर म्हणाले होते, उलटसुलट वाटलं तर लपवू नका. मी लपवलं. कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक यजमानांकडे दिलं, सहज दिल्यासारखं. "बघा बरं, कशी वाटते गोष्ट." त्यांनी पहिली दोन पानं भराभर उलटली, मग सावकाश बघत बघत पार शेवटपर्यंत गेले. त्यांचा चेहरा मी बघत होते.

"मला तर काही समजंना," ते म्हणाले.

आणि मला वाटलं, किती चांगला माणूस आहे. मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतोय.

*

पुढच्या भेटीत तन्वीनं विचारलं, "बघितलं का पुस्तक?"

"छान आहे," मी म्हटलं.

"मला शेवट लई आवडतो त्यातला. म्हणून तेच आणलं."

शेवट? मुलगी बापाला फलाटावर सोडून जाते तो? मला वाटलं, पोरीला माझ्याशी काहीतरी बोलायचंय आणि तोंडानं बोलता येत नाही. मी म्हटलं, "जाऊ दे की तिला. मोठी झालीय. बापानं किती दिवस धरून ठेवायचं?"

तन्वी माझ्याकडे बघत राहिली. "कुठं जाऊ दे, आई?"

"शहरात. शेवटी ती जाते ना गाडीत बसून?"

तिनं पुस्तकाचे कोपरे नीट केले, माझ्या उशाशी ठेवलं, पाणी आणते म्हणाली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमच्या दोघींत खोट्या धीराची शर्यत लागली होती.

*

नऊ दिवसांनी नांदेडला घरी आलो. घर तेच होतं, पण उजवीकडच्या भिंती गायब. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. डबे ओळखायचे तर उघडून हुंगायचे, कारण झाकणावर मीच चिकटवलेल्या चिठ्ठ्या मला परक्या झाल्या होत्या. एकदा चहात मीठ पडलं. यजमान घोट घेऊन म्हणाले, "चांगला झालाय." मी कप आपटला. म्हटलं, वाईट चहाला वाईट म्हणायची तरी मला सोय ठेवा. मग दोघंही रडलो, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या.

त्याच आठवड्यात तन्वीचा फोन आला, वडिलांना. मी ऐकू नये म्हणून ते गच्चीवर गेले. खाली आले ते जिन्यातच बसले. पोरगी म्हणत होती, परीक्षेला बसत नाही. रविवारी सामान घेऊन घरी येते. "आईला आधीचं-नंतरचं कळंना झालंय, बाबा. तुम्ही ड्युटीवर गेल्यावर तिला एकटं कसं ठेवायचं?"

म्हणजे तिनंही ओळखलं होतं. परीक्षेला जेमतेम दोन आठवडे होते. दोन वर्षं ती लातूरच्या त्या खोलीत घासत होती आणि माझ्या डोक्यातल्या एका गुठळीपायी सगळं मोडणार होतं. मला माझ्या आजाराचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी आला. मी फोनवर ओरडले, "यायचं नाही." ती शांतपणे म्हणाली, "तू आराम कर." बापाचीच पोर.

मग मी ठरवलं की माझ्या बाजूचं तरी मीच संपवावं. कागद घेतला आणि मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला, नोकरी सोडते म्हणून. माझं अक्षर अजून तसंच होतं, वळणदार, असं यजमान म्हणाले. काय लिहिलं ते मला दिसत नव्हतं. त्यांना म्हटलं, सोमवारी शाळेत नेऊन द्या. त्यांनी तो घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि दोन दिवस त्या खणाकडे बघितलंच नाही.

*

शुक्रवारी मला पुन्हा नांदेडच्या दवाखान्यात व्यायामासाठी नेलं. तिथली मुलगी टेबलावर रंगीत ठोकळे मांडायची आणि म्हणायची, "मॅडम, उजवीकडून सुरू करा. आधी मान वळवा." मी दर वेळी डावीकडूनच सुरू करायची. चाळीस वर्षांची सवय. बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना शेजारी नसीम आपा असायच्या. उर्दू शाळेत मास्तरीण होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डावा हात आणि पाय लुळा पडला होता, जीभ मात्र दोघींची चालेल एवढी चालायची. मी त्यांना आपा म्हणायचे, त्या मला टीचरबाई.

माझ्या पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. का घेऊन गेले होते माहीत नाही, कदाचित तन्वीला परत द्यायचं म्हणून.

"ये क्या है गे, टीचरबाई?"

"मुलीचं आहे. जपानी गोष्ट. मला काही कळत नाही त्यातलं, आपा." हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे तरी बोलले. परक्या माणसापुढे सोपं जातं.

आपांनी उजव्या हातानं पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं आणि उघडलं. मला वाटलं पाठीमागून उघडलं. चष्मा खाली सरकवून त्या चित्रं बघायला लागल्या. इंग्रजी त्यांनाही यथातथाच.

"बाप स्टेशन का मास्टर है. हौ ना? ये छोकरी घर से निकल के जा री. देखो बाप का मुँह, कैसा उतर गया." पान उलटलं. "शहर में नौकरी. चिठ्ठी लिखती, भेजती नै." पान उलटलं. "बाप रोज गाडी देखता. गाडी आती, छोकरी नै आती. अगे अगे, पड गया बिचारा बर्फ में!"

मी ऐकत राहिले. म्हटलं, "आपा, तुम्ही शेवटून सुरू केलंत."

"आखिर से?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी पहिलीतल्या मुलाकडे बघते. "किताब का मुँह इधरीच रहता ना. सीधा तो येच है. तुमचंच उलटं असतंय."

मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, जवळजवळ ओढलंच. उजवीकडचं पान. तिथला आकडा तीन. पुढचा चार. पाच. पानावरचा उजवा चौकोन आधी: टकटक. मग डावा: दार उघडलं. मी परत परत तेच बघत होते. टकटक, मग दार. टकटक, मग दार. माझ्या डोक्यात क्रम होता. तो कधी गेलाच नव्हता. पूर्ण पुस्तक मी तिथे बाकावर बसून बघितलं. माझा नंबर पुकारला तरी उठले नाही. शेवटी मुलगी परत येते, बापाच्या अंथरुणाशी बसते, चहा ठेवते. कप आणि वाफ, अख्खं पान. मग बाप डोळे उघडतो.

हा शेवट होता तन्वीच्या आवडीचा. हे ती मला सांगायला आली होती.

मी रडायला लागले तेव्हा आपा घाबरल्या. "अगे, अच्छा हो गया ना बाप, रोती काय कू?" आतून व्यायामाची मुलगी धावत आली आणि माझ्याकडे बघून थांबली. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही मान उजवीकडे वळवताय. कुणी न सांगता."

*

घरी आल्या आल्या तन्वीला फोन लावायला सांगितला.

"ते पुस्तक कुठल्या बाजूनं उघडतात गं?"

"उजवीकडून. का?"

"मी डावीकडून बघितलं."

"सगळं?"

"सगळं. दोनदा. आणि तुझ्या बाबांनी एकदा."

ती हसतेय की रडतेय ते मला कळेना, बहुतेक तिलाही कळत नव्हतं. "आई, तिकडून उघडलं की पहिल्याच पानावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतंय, थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं वाचताय म्हणून!"

"बाई, ते वाचता आलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं?"

"मग बाबांनी?"

मी यजमानांकडे बघितलं. जन्मभर सिग्नल सांभाळणारा माणूस. "मला वाटलं जाहिरात हाय," ते म्हणाले.

मी त्यांना सोडणार नव्हते. म्हटलं, रेल्वेनं तुमच्यावर कसा काय विश्वास ठेवला? आणि ते माझ्यावर खेकसले. "तू गप ग, स्वतः दोनदा लाल सिग्नल तोडून बसलीस अन्‌ मला शिकवायलीस!" किती दिवसांनी. कान तृप्त झाले माझे.

फोनवर तन्वी मात्र आता सरळच रडत होती. "मला वाटलं तू गेलीस, आई. म्हणजे हायस, पण गेलीस."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं. "इथंच आहे. तू कुठे येतेस सामान घेऊन? परीक्षा दे."

"अन्‌ तू?"



*

कुणाला वाटेल की इथून सगळं बरं झालं. तसं नाही. क्रम शाबूत आहे एवढंच कळलं, अक्षरं काही परत आली नाहीत. तन्वी परीक्षेला बसली, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, आता परभणीला शेतीचं शिकते आणि खूश दिसते. खरं की खोटं, विचारते अधूनमधून. मी एकेक अक्षर बोटानं गिरवून वाचते. एक ओळ म्हणजे एक चहा गार होतो. आजही कधी कधी सकाळी वर्तमानपत्र उचलते आणि ते कानडी असतं, मग खाली ठेवते. का होतं, कशानं जातं, डॉक्टरही नीट सांगू शकत नाहीत. या गोंधळात राहायची सवय लागते, एवढं मी सांगू शकते. बाकीची दोन चित्रांची पुस्तकंही बघून झाली. एक आवडलं, एक भंगार होतं. त्यात सगळे नुसते एकमेकांवर धावून जातात.

पण त्या सोमवारचं राहिलं. सकाळी यजमान ड्युटीवर जायला निघाले, खणातून अर्ज काढला आणि हातात धरून उभे राहिले. "देऊ का खरंच?"

"आधी मला वाचू द्या," मी म्हटलं.

त्यांनी बूट काढले, फोन करून रजा टाकली आणि समोर बसले. मी मान उजवीकडे वळवून कागदाची कड कुठे आहे ते बघून घेतलं. मग डावीकडे येऊन पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते गिरवलं. पुढचं गिरवलं. "सांगू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गप्प बसा. ऊन खिडकीतून टेबलावर आलं. माननीय मुख्याध्यापक, यालाच किती वेळ गेला. मग विषय. मग पहिलं वाक्य. दोनदा धागा सुटला, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. जेवायची वेळ टळून गेली होती जेव्हा ते वाक्य सबंध माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"मला यापुढे वाचता येणार नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी उठले, पर्समधून लातूरला उत्तरपत्रिका बघायला नेलेला लाल पेन काढला, त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात शेरा लिहिला. लिहून झाल्यावर मान वळवली, बोट ठेवलं आणि मी काय लिहिलंय ते वाचायला बसले. सावकाश लागलं.

चूक. पुन्हा लिहा.